स्वरांचा हिशेब पाहणारे कै. कृष्णाजी बल्लाळ देवल

परमेश्वराच्या कृपेने आपल्या धर्मग्रामाचा हा महोत्सव साजरा होत असता गतकाळातील उपकारकर्त्यांचे स्मरण करणे हे आपणां सर्वांचे कर्तव्य आहे. ज्यांनी मंदिर बांधले, ज्यांनी धर्मशिक्षण दिले, त्यांच्याविषयी ह्या अंकात अन्यत्र आलेच आहे. आम्ही येथे ज्या गृहस्थांचे चरित्र सांगणार आहो ते आपल्या धर्माचे नव्हते. तथापि रविवारी मिस्साच्या वेळी गायकमंडळींपुढे जी पेटी वाजते, तिचे स्वर खरे की खोटे, ह्या एका प्रश्नास त्यांनी आपले उतारवय वाहिले. आणि ते आपल्याच सातारा-सांगली प्रांतातले होते. म्हणून त्यांची आठवण येथे अप्रस्तुत ठरणार नाही.

सांगलीजवळ कृष्णा व वारणा ह्या नद्यांच्या संगमावर हरिपूर नावाचे गाव आहे. देवलांचे घराणे तेथले. ह्याच घराण्यातील गोविंद बल्लाळ देवल (१८५५ ते १९१६) हे 'संगीत शारदा' ह्या नाटकाचे कर्ते म्हणून सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहेत. कृष्णाजी हे त्यांचे वडील बंधू. धाकट्याने रंगभूमीची वाट धरली, थोरल्याने सरकारी नोकरीची. कृष्णाजीपंत इंग्रज सरकारच्या चाकरीत डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यापर्यंत चढले व सेवानिवृत्त झाले. त्या काळी सांगली व मिरज ही संस्थाने होती, आणि तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात मोडत. पुढे १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. ह्यास्तव देवलांवर सातारकर व सांगलीकर ह्या दोघांनीही हक्क सांगावा हे योग्यच होय.

डेप्युटी कलेक्टर म्हणजे जमाबंदीचे कागद पारखणारा अधिकारी. वहीत एक आकडा आणि तिजोरीत दुसरा असेल, तर त्याने गप्प बसावयाचे नसते. सरकारी वह्या मिटल्यावर देवलांनी हीच नजर संगीताकडे वळविली. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रापासून आपले ग्रंथकार सांगत आले की, एका सप्तकात बावीस श्रुती आहेत. परंतु त्या नेमक्या कोठे आहेत, हे मोजून दाखविण्याचे काम फारसे कोणी अंगावर घेतले नव्हते. देवलांनी ते घेतले. एक बाजू ग्रंथांची, दुसरी तारेच्या मोजलेल्या लांबीची, आणि तिसरी जिवंत गळ्याची, अशा तीन बाजूंनी त्यांनी हा हिशेब ताडून पाहिला. गळा त्यांना मिळाला तोही थोर. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब, जे पुढे मिरजेचेच होऊन राहिले व १९३७ साली निधन पावल्यावर मिरजेसच दफन झाले, त्यांनी ह्या कामी देवलांस साह्य केले. ह्या परिश्रमाचे फळ म्हणजे हिंदू स्वरसप्तक व बावीस श्रुती ह्या विषयावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक. ते १९१० साली प्रसिद्ध झाले.

त्यांचे म्हणणे आमच्या वाचकांस एका उदाहरणाने ध्यानात येईल. षड्जाची कंपने सेकंदास २४० धरली, तर तंबोऱ्याशी मिळून गाणाऱ्याचा शुद्ध गंधार ३०० कंपनांवर येतो. पेटीत मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. त्यामुळे तिचा गंधार ३०२.४ वर चढतो आणि धैवत ४०० च्या जागी ४०३.६ वर जातो. पंचमात भेद जवळजवळ नाहीच. गंधाराचा फरक कागदावर क्षुल्लक वाटेल. पण ते दोन गंधार एकाच वेळी वाजले तर सेकंदास दोन-अडीच वेळा स्वर हेलकावतो आणि सुरेल कानास ते खपत नाही.

दोष दाखवून देवल थांबले नाहीत. तो दूर करण्याचा उपायही त्यांनी योजिला. अर्नेस्ट क्लेमंट्स नावाचे सिव्हिल सर्व्हिसमधील एक इंग्रज अधिकारी ह्या विषयाच्या नादी लागले होते. दोघांचा स्नेह जमला. पश्चिम हिंदुस्थानची फिलहार्मोनिक सोसायटी ह्या नावाने त्यांनी संस्था चालविली, आणि १९११ च्या सुमारास लंडनच्या मूर आणि मूर ह्या कारखान्यातून बावीस श्रुतींची एक निराळी पेटी तयार करविली. क्लेमंट्ससाहेबांचे हिंदी संगीताच्या अभ्यासाविषयीचे पुस्तक १९१३ साली निघाले.

ह्यानंतर परीक्षेची घटका आली. मार्च १९१६ मध्ये श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाखाली बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे ही श्रुतिपेटी जाणत्या मंडळींपुढे मांडण्यात आली. परंतु कित्येक मान्यवरांस ती पटली नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांसही देवलांचे गणित मान्य नव्हते. ज्या कामी इतके श्रम व द्रव्य वेचले, ते विद्वत्सभेत नाकारले जावे, हा आघात लहान नव्हे. त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचे धाकटे बंधू गोविंदराव हेही निवर्तले.

ती श्रुतिपेटी पुढे प्रचारात आली नाही, हे कबूल केले पाहिजे. एवढेच नव्हे, तर १९६३ साली जयराजभॉय व स्टोन ह्या संशोधकांनी गायक-वादकांचे स्वर यंत्राने मोजून दाखविले की, एकच कलावंत एकच स्वर दर वेळी अगदी एकाच जागी लावीत नाही. म्हणजे बावीस श्रुती बावीस पट्ट्यांत कायमच्या कोंडता येतील, ही देवलांची आशा चुकीची होती. तथापि मूळ तक्रार खरीच होती. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीस बंदी केली व ती १९७१ पर्यंत उठली नाही. तिच्या कारणांत पेटीचे हे स्वरदोषही होते. देवल हरले ते उपायात. दोष त्यांनी अचूक पकडला होता.

आता आपल्या मंदिराकडे वळू. संत दहावे पायस ह्यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियेच्या सणाच्या दिवशी, पवित्र संगीताविषयी जे आज्ञापत्र काढले, त्यात असा दंडक घालून दिला आहे की, वाद्याने गाण्यास आधार द्यावा, गाणे दडपू नये. पुढे १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस उपासनेत योग्य स्थान देण्यास सांगितले. रोमेचे परमगुरू आणि हरिपूरचे देवल ह्यांची गाठ कधी पडली नाही. परंतु गळा धनी व वाद्य चाकर, हे तत्त्व दोघांच्याही ठायी सारखेच दिसते.

पेटीवाचून आपले चालणार नाही, आणि चालवावे असेही आमचे म्हणणे नाही. पेटीनेच खेड्यापाड्यांतील आपल्या बंधुभगिनींस एका सुरात गाणे शिकविले. आमची विनंती एवढीच की, मुलांस भक्तिगीत शिकविताना ते प्रथम तंबोऱ्यावर अथवा केवळ कंठाने शिकवावे, मग पेटी धरावी. आणि वाजविणाराने भाता हलका ठेवावा. सेवानिवृत्त मनुष्याने स्वस्थ बसावे असे जग म्हणते. देवलांनी त्या वयात सेकंदास अडीच कंपनांची चूक सोडली नाही. परमेश्वराच्या स्तुतीत आपणही तितकेच दक्ष असावे, ही ह्या महोत्सवप्रसंगी आमची प्रार्थना आहे.