व्याकरण चालवणारे दादोबा

शाळेत ‘व्याकरण चालवा’ असा प्रश्न आला की आमच्या पिढीतल्या भल्याभल्यांच्या पोटात गोळा येत असे. वाक्यातला एकेक शब्द सुटा करायचा आणि त्याची जात, लिंग, वचन, विभक्ती असा पाढा वाचायचा. जुन्या पुस्तकांत याला पदपरिस्फोट असे भारदस्त नाव आहे. बँकेतून निवृत्त होऊन मुळशीतल्या उरवड्याला राहायला आलो, तेव्हा हे प्रकरण कायमचे मिटले असे वाटले होते. पण आमच्याच तालुक्यातल्या हिंजवडीत संगणकाच्या नोकरीला जाणाऱ्या शेजारच्या तरुणाने आपले काम समजावून सांगितले आणि मला आठवण झाली ती रावबहादूर दादोबा पांडुरंग तर्खडकरांची.

मोठ्या कंपनीच्या प्रोग्राममध्ये लाखो ओळी असतात. त्यातली एक आकडेमोड बदलायची, तर तिचे नाव कुठेकुठे आले आहे हे आधी कळायला हवे. ग्रंथाच्या शेवटी असते तशी या ओळींची सूची करणारे साधन हा मुलगा तयार करतो. नुसती अक्षरे जुळवून हे भागत नाही. सरकारचा कर वेगळा, हात या अर्थाचा कर वेगळा आणि ‘अभ्यास कर’ यातला कर तिसराच. प्रोग्राममध्येही एकच नाव कुठे ठरवून दिलेले असते, कुठे वापरलेले असते, तर कुठे संगणक वाचतही नाही अशा शेऱ्यात पडलेले असते. म्हणून आधी यंत्राला त्या भाषेचे व्याकरण द्यायचे, त्याने प्रत्येक वाक्य फोडायचे आणि मगच सूची करायची. आम्हा बँकवाल्यांना हे पटकन पटते. पाच हजारांचा आकडा जमेला आहे की नावे, हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थच नसतो.

मराठीसाठी हे फोडण्याचे काम करणाऱ्या दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. व्याकरण असावे ते संस्कृताला, घरात बोलायच्या भाषेला ते कशाला, असे म्हणणारे विद्वान तेव्हा पुष्कळ होते. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले होते. पण ते इंग्रजीत, परक्यांना मराठी शिकवण्यासाठी. दादोबांनी १८३६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ मराठीतच लिहून प्रसिद्ध केले. ज्या मुलांची ती मातृभाषा, त्यांच्या हाती तिचे नियम आले.

काम तिथे संपले नाही. बोलती भाषा नियमाला अपवाद दाखवतच राहते. दादोबा पंचेचाळीस वर्षे आपल्या ग्रंथाची डागडुजी करत राहिले. १८८१ मध्ये त्याची ‘पूरणिका’ निघाली आणि पुढच्याच वर्षी ते गेले. मधल्या काळात मोरोपंतांच्या ‘केकावली’वर ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका लिहून त्यांनी पंतांचे लांबलचक समास सामान्य वाचकासाठी सोडवून दाखवले. हे सगळे नोकरी सांभाळून. त्यांनी सुरतेला आणि मुंबईत शिक्षणखात्याची नोकरी केली, पुढे नगरकडे डेप्युटी कलेक्टर झाले.

शब्दाची ओळख त्याच्या रूपावरून नव्हे, वाक्यातल्या कामावरून करायची, ही व्याकरणाची शिस्त. मला वाटते, माणसांच्या बाबतीतही दादोबांनी तीच लावली. जन्माची जात न मानणाऱ्या मानवधर्म सभेच्या स्थापनेत १८४४ मध्ये सुरतेला त्यांचा वाटा होता. मुंबईतली परमहंस सभाही त्यांच्याच विचारांतून उभी राहिली. तिचे सभासद जातपात बाजूला ठेवून एकत्र जेवत, पण गुपचूप. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली, नावे फुटली आणि सभा विसकटली. नुसत्या नावांच्या यादीने किती घरे हादरली असतील! तरीही विचार मेला नाही. दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापन केला आणि या वेळी सगळे उघडपणे झाले.

दादोबांना मराठीचे पाणिनी म्हणतात. या बिरुदाला संगणकाच्या जगातही अर्थ आहे. जॉन बॅकसने १९५९ मध्ये संगणकाच्या भाषेचे नियम मांडण्याची जी पद्धत दिली, तिला पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना १९६७ मध्ये एका अमेरिकन संगणकतज्ज्ञाने केली होती.

मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आनंद झाला. पण यंत्राने केवळ अक्षरे जुळवून मराठी मजकुरात ‘पाणी’ शोधले, तर ‘पाण्यात’ आणि ‘पाण्याला’ त्याच्या हाती लागत नाहीत. त्यासाठी त्याला सामान्यरूप समजावे लागते, प्रत्यय सुटा करता यावा लागतो. म्हणजे आपण शाळेत ज्याला भ्यायलो, ते व्याकरण यंत्राकडून चालवून घ्यावे लागते. आपले जुने ग्रंथ, दप्तरे, वर्तमानपत्रे उद्याच्या मुलांना शोधता यायची असतील, तर हे काम मराठी जाणणाऱ्यांनीच करायला हवे. बावीस वर्षांच्या एका मुंबईकराने, हाताशी टाक आणि दौत असताना, ते कधीच सुरू करून ठेवले आहे.