शिंदळ माकुडीला शास्त्रात नाव देणारा डाल्झेल

वेरूळची लेणी ज्या काळ्या कातळात कोरली गेली, तोच कातळ पश्चिमेकडे जुन्नर, पुरंदर आणि साताऱ्यापर्यंत पसरला आहे. लाव्हाचे थरावर थर साचून झालेल्या या खडकात पाणी मुरण्यापेक्षा वाहूनच अधिक जाते. चार महिने कोसळणारा पाऊस आणि आठ महिने तापणारा दगड, एवढ्यावर जगायचे तर वनस्पतीला वाळवंटाची रीत शिकावी लागते. शिवनेरीच्या उभ्या कड्यावर लोंबणारी शिंदळ माकुडी ही रीत उत्तम जाणते. या वनस्पतीला शास्त्रीय नाव देणारा निकोल अलेक्झांडर डाल्झेल मात्र आज वनस्पतीशास्त्राच्या वर्तुळाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही.

डाल्झेलचा जन्म 1817 साली स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. तेथील विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्याने काही काळ धर्मशास्त्राचा अभ्यास केला, पण पाद्री होण्याऐवजी 1841 मध्ये तो मुंबईस आला आणि जकात खात्यात रुजू झाला. वनस्पतींशी काडीचा संबंध नसलेली ही नोकरी होती. तरीही कोकणातल्या अनोळखी झाडाझुडपांची लॅटिन वर्णने तो लिहू लागला, आणि 1850 पासून ती लंडनच्या नियतकालिकांत छापून येऊ लागली. कंपनी सरकारच्या काळात असे हौशी अभ्यासक बरेच होते. त्यांपैकी बहुतेकांची हौस निवृत्तीबरोबर संपली. डाल्झेलची हौस मात्र पुढे त्याचे कामच होऊन बसली. सिंधमधील जंगलांची देखरेख करून तो मुंबई इलाख्यात परतला आणि 1862 मध्ये अलेक्झांडर गिब्सन याच्या जागी इलाख्याचा वनसंरक्षक झाला.

त्यापूर्वीच, 1861 मध्ये, या दोघांनी मिळून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. गिब्सन हा पेशाने डॉक्टर. पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग त्याच्याकडे होती आणि जुन्नरजवळ हिवरे येथे तो औषधी वनस्पतींची लागवड करीत असे. शिंदळ माकुडीची शास्त्राला झालेली पहिली ओळख याच हिवऱ्याच्या परिसरातली आहे. 1860 च्या दशकाच्या मध्यास डाल्झेलने लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन केले. तिच्यासाठी त्याने एक स्वतंत्र प्रजाती कल्पिली आणि तिला मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले. वरिष्ठांना खूश करण्याची ही पद्धत त्या काळी रूढच होती. फ्रिअर यांनी मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत झुलू युद्धाचा वाद ओढवून घेतला. कड्यावरचे हे नाजूक फूल त्यांच्या स्वभावाशी कितपत जुळते, हा प्रश्नच आहे.

वनस्पती मात्र स्वतंत्र नावाला शोभेशी आहे. ती निवडुंगासारखी मांसल असली तरी निवडुंगाच्या कुळातली नव्हे. निवडुंगांचे मूळ अमेरिकेत, तर ही रुईच्या कुळातली. तिच्या जवळच्या नातलगांनी, म्हणजे माकडशिंगासारख्या वनस्पतींनी, पाने जवळजवळ टाकून दिली आहेत. हिने ती राखली. पावसाळ्यात खोडावर चांगली रुंद हिरवी पाने येतात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास पिवळे ठिपके ल्यालेली गर्द तांबडी, चांदणीच्या आकाराची फुले फुलतात आणि कोरड्या दिवसांत सारी पाने गळून नुसती राखट खोडे कड्याला लटकत राहतात. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला ती मेली असेच वाटावे.

डाल्झेलपुढे त्या वेळी याहून मोठा प्रश्न होता. रेल्वेच्या पट्ट्यांखाली घालायला आणि जहाजबांधणीसाठी इलाख्यातील जंगले झपाट्याने तुटत होती. वृक्ष तोडले की झरे आटतात आणि पावसावरही परिणाम होतो, अशी मांडणी करणारे टिपण त्याने 1863 मध्ये सरकारपुढे ठेवले. महसूल वाढवण्याच्या घाईत असलेल्या राजवटीला तिच्याच अधिकाऱ्याने हे सुनवावे, ही त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत धीट गोष्ट म्हणावी लागेल. त्याच्या अधिकाराची हद्द अर्थात इलाख्यापुरती होती. वेरूळ आणि औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते.

1870 मध्ये तो निवृत्त झाला आणि जानेवारी 1878 मध्ये एडिंबरा येथेच वारला.

शिंदळ माकुडीची खरी परीक्षा त्यानंतरची. शंभराहून अधिक वर्षे ती शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड अशा मोजक्याच ठिकाणांहून ज्ञात होती. जगातील अत्यंत संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत तिचे नाव आले. माणसाचा हात पोचत नाही अशा कड्यांनी तिला राखले, पण वणवे, चराई आणि संग्राहकांची हाव यांपासून कड्याच्या माथ्यावरची रोपे सुटली नाहीत. पुढे सातारा आणि नगर जिल्ह्यांतही तिची ठिकाणे सापडली, तेव्हा चिंता थोडी कमी झाली.

गंमत अशी की बागेत ती मुळीच हट्टी नाही. खोडाचा तुकडा कापून चार-पाच दिवस सावलीत सुकू द्यावा आणि वाळू, खडे मिसळलेल्या मातीत खोचावा, मुळे धरतात. पावसाळ्याच्या महिन्यांत माती वाळली की पाणी द्यावे, पाने पिवळी पडू लागली की हात आखडता घ्यावा. कुंडीत पाणी साचले तर मात्र खोड बुडातून कुजते. पानगळीच्या दिवसांत पाणी वाढवणे ही तर तिला मारण्याची हमखास रीत. शिरवळजवळच्या नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने तिची मोठ्या प्रमाणावर रोपे तयार केली. अडचण एवढीच, की एका झाडाचे शंभर तुकडे लावले तरी ते मुळात एकच झाड असते. रानात तिची विविधता टिकायची तर माशांनी परागीभवन करून बी धरले पाहिजे, आणि त्यासाठी कड्यांवर वेगवेगळी झाडे एकमेकांच्या आसपास असली पाहिजेत.

दरम्यान तिचे शास्त्रीय नावही बदलत गेले. डाल्झेलने कल्पिलेली स्वतंत्र प्रजाती अनेक अभ्यासकांनी मोडीत काढून तिला माकडशिंगाच्या नातलगांत, बाउसेरोशिया प्रजातीत नेऊन बसवले. तेथेही जातीच्या नावात फ्रिअर टिकून आहेत. खुद्द डाल्झेलचे नाव रॉबर्ट वाइट या वनस्पतीशास्त्रज्ञाने एका वेगळ्याच प्रजातीला दिले आहे. डाल्झेलिया नावाची ही वनस्पतीही खडकालाच चिकटून वाढते, पण वाहत्या ओढ्याच्या पाण्याखाली.