मातीस यांची कात्री

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला घरोघरी जातो, तेव्हा एकच तक्रार हमखास ऐकू येते. कुणी सुतार असतो, कुणी शिवणकाम करणारी आजी, कुणी गायकवृंदात वर्षानुवर्षे व्हायोलिन वाजवलेले मास्तर. हात थरथरतात, डोळ्यांना दिसत नाही, आता आपला काही उपयोग नाही, असे ते सांगतात. मी काय उत्तर देणार? माझे गुडघे अजून शाबूत आहेत. अशा घरातून परतताना मला फ्रेंच चित्रकार आन्री मातीस आठवतात. आज त्यांच्याविषयी थोडे.

मातीस यांचा जन्म ३१ डिसेंबर १८६९ रोजी उत्तर फ्रान्समधील ल कातो या गावी झाला. वडील धान्य-बियाण्यांचे व्यापारी. मुलाने कायद्याचे शिक्षण घेऊन एका वकिलाच्या कचेरीत कारकुनी धरली. विशीच्या सुमारास अपेंडिक्सच्या दुखण्याने तो अंथरुणाला खिळला. वेळ जावा म्हणून आईने रंगांची पेटी आणून दिली आणि त्या पेटीपायी कचेरी कायमची सुटली. वडिलांना ते मुळीच रुचले नाही. म्हणजे त्यांची कला जन्मली तीच आजाऱ्याच्या खाटेवर.

पुढची पन्नास वर्षे मी भराभर ओलांडतो. १९०५ साली पॅरिसच्या प्रदर्शनातील त्यांचे भडक रंग पाहून टीकाकारांनी त्यांना आणि त्यांच्या मित्रांना जंगली श्वापदे ठरवले. मग नाव झाले, पैसा आला. १९१७ पासून ते दक्षिणेला समुद्रकाठच्या नीस शहरात राहू लागले. संसार मात्र टिकला नाही. १९३९ साली पत्नी वेगळी झाली. ते काही संत नव्हते. नेमाने मिस्साला जाणारेही नव्हते.

जानेवारी १९४१ मध्ये लिऑन येथे त्यांच्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. वय ७१. त्यानंतर इतकी गुंतागुंत झाली की ते वाचतील असे कुणाला वाटेना. हाती घेतलेले काम पुरे करायला आणखी तीन-चार वर्षे मिळावीत, एवढेच त्यांनी डॉक्टरांकडे मागितले. मिळाली जवळजवळ चौदा. शुश्रूषा करणाऱ्या डॉमिनिकन धर्मभगिनींनी तर त्यांना पुनरुत्थित असे टोपणनाव दिले.

पण उठले ते वेगळे शरीर घेऊन. फार वेळ उभे राहता येत नव्हते. दिवसाचा मोठा भाग पलंगावर किंवा चाकांच्या खुर्चीत जाई. मोठ्या कॅनव्हाससमोर तासन्‌तास उभे राहणाऱ्याचे काय होणार? तैलरंग लगेच सुटले नाहीत, पण १९४८ नंतर जवळजवळ सुटलेच. त्यांची जागा कात्रीने घेतली. मदतनीस मुली कागदांना एकेक रंग फासून वाळवत. मातीस मांडीवर कागद घेऊन, आधी रेघही न काढता, थेट रंगातच पाने, पक्षी, माणसे कापत. मग मुलगी शिडीवर चढून ते तुकडे टाचण्यांनी भिंतीवर लावी आणि हे पलंगावरून सांगत, जरा वर, जरा डावीकडे. आयुष्यभर एकट्याने काम केलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातांवर विसंबणे सोपे गेले असेल असे मला वाटत नाही.

सेमिनरीत ॲरिस्टॉटल शिकताना करवतीचे उदाहरण येते. करवत लोखंडाचीच हवी, लोकरीची चालत नाही. रूपाला साजेसे द्रव्य लागते. मातीस यांनी जणू उलटा प्रश्न केला. हाती लोकरच उरली असेल तर करवतीचा हट्ट कशाला? लोकरीचे काय होते ते पाहू.

१९४२ साली रात्रपाळीसाठी मोनिक बुर्जवा नावाची तरुण परिचारिका त्यांच्याकडे आली. पुढे तिने डॉमिनिकन मठात जायचे ठरवले तेव्हा मातीस नाराज झाले, वाद घातला. ती गेलीच, आणि सिस्टर जाक-मरी झाली. १९४७ साली व्हाँस गावात दोघांची पुन्हा गाठ पडली. तिथल्या धर्मभगिनी एका गळक्या शेडमध्ये प्रार्थना करीत. सिस्टरने काचचित्रासाठी काढलेला एक कच्चा आराखडा त्यांना दाखवला आणि त्यातून वयाच्या ७७ व्या वर्षी आख्खे चॅपेल उभारायचे काम त्यांनी अंगावर घेतले. चार वर्षे दुसरे फारसे काही केले नाही. पाब्लो पिकासोला हा उद्योग पसंत नव्हता, आणि मठातही सगळ्या भगिनी खूश होत्या असे नाही.

खिडक्यांचे आराखडे कात्रीने कापलेल्या कागदांचे: निळा, हिरवा, पिवळा, लाल नाहीच. मिस्सावस्त्रेही तशीच कापून ठरवली. भिंतीवरच्या आकृतींसाठी लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधून ते रेखाटत. वेदी अशी तिरकी बसवली की धर्मगुरूचे तोंड भगिनींकडेही राहावे आणि लोकांकडेही. द्वितीय व्हॅटिकन महासभा तेव्हा अकरा वर्षे दूर होती!

क्रूसाच्या वाटेची चौदाही स्थाने एकाच भिंतीवर, पांढऱ्या टाइल्सवर काळ्या ओबडधोबड रेघांत आहेत. खरे सांगतो, पहिल्यांदा छायाचित्रे पाहिली तेव्हा ती मला आवडली नव्हती. लहान मुलाने गिरगटल्यासारखी वाटली. नंतर कळले की त्यामागे कितीतरी काटेकोर अभ्यासचित्रे होती. एके वर्षी उपवासकाळात ती छायाचित्रे समोर ठेवून प्रार्थना केली. क्रूस वाहणाऱ्याची रेघ सरळ का यावी, असे तेव्हा वाटले.

२५ जून १९५१ रोजी चॅपेलचे समर्पण झाले. मातीस यांना प्रकृतीमुळे जाता आले नाही.

कात्री त्यानंतरही थांबली नाही. १९५२ च्या उन्हाळ्यात पोहणारे पाहायला ते कान येथील तलावावर गेले. उन्हाचा त्रास झाला, परत यावे लागले. मग जेवणघराच्या भिंतींवर कागदाची लांब पट्टी लावून घेतली आणि निळ्या कागदातून पोहणारे कापून स्वतःचा तलाव घरातच केला.

शेवटचे काम न्यूयॉर्कजवळच्या एका लहान प्रोटेस्टंट चर्चच्या गोल खिडकीचे. आराखडा पुरा झाला आणि ३ नोव्हेंबर १९५४ रोजी मातीस यांना नीस येथे मृत्यू आला. काच बसली १९५६ मध्ये.