पकडलेल्या जहाजाचा वकील

सन १६०३ च्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या सामुद्रधुनीजवळ डच कप्तान जेकब व्हान हीम्सकर्क याने मकावहून मलाक्काकडे निघालेले ‘सांता कातारिना’ हे प्रचंड पोर्तुगीज जहाज पकडले. जहाजावरील माणसांना त्याने जीवदान दिले. कच्चे रेशीम, चिनी मातीची भांडी, कस्तुरी असा माल मात्र आम्स्टरडॅमला नेला. तेथील लिलावात त्याचे तीस लाखांहून अधिक गिल्डर आले. हीम्सकर्क व्यापारी ताफ्याचा कप्तान. असा हल्ला करण्याचा स्पष्ट अधिकार त्याच्यापाशी होता, असे म्हणणे कठीण. प्रकरण आम्स्टरडॅमच्या नाविक न्यायालयापुढे आले. जहाजावर हक्क सांगणाऱ्यांना जाहीर पुकारा झाला. शत्रूच्या न्यायालयात दाद मागायला येणार कोण? ९ सप्टेंबर १६०४ रोजी जहाज आणि माल युद्धातील वैध लूट ठरला.

निकाल लागला, पण टोचणी राहिली. नव्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या काही भागधारकांना असा पैसा नकोसा वाटत होता. तेव्हा कंपनीने ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाला गाठले.

ग्रोशियसचा जन्म १० एप्रिल १५८३ रोजी डेल्फ्ट येथे झाला. अकराव्या वर्षी तो लायडन विद्यापीठात दाखल झाला आणि सोळाव्या वर्षी हेगमध्ये वकिली करू लागला. त्याने केवळ एका जहाजाची बाजू मांडली नाही. लुटीच्या कायद्यावर आख्खा ग्रंथच लिहिला. त्यातील एक प्रकरण १६०९ मध्ये ‘मुक्त सागर’ या अर्थाच्या लॅटिन नावाने, लेखकाचे नाव न छापता, प्रसिद्ध झाले. बाकीचे हस्तलिखित १८६४ पर्यंत अज्ञातच राहिले.

या पुस्तिकेचा रोख थेट गोव्यातील पोर्तुगीज सत्तेवर होता. पोर्तुगिजांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना नसेल, तर अरबी समुद्रातील जहाज जप्त होई. पोपच्या दानपत्राने समुद्र कोणाच्या मालकीचा होत नाही आणि पूर्वेकडील राजांचे स्वामित्वही संपत नाही, असे ग्रोशियसने मांडले. विचार थोर खरा. पण तो मांडला गेला होता दुसऱ्या एका मक्तेदाराच्या खर्चाने. १६१३ मध्ये तो लंडनला वाटाघाटींसाठी गेला, तेव्हा इंग्रजांनी त्याचीच पुस्तिका त्याच्यापुढे ठेवली. डचांच्या मसाल्याच्या मक्त्याचे समर्थन करताना त्याची पुरती कोंडी झाली असणार. पुढे त्याच्या हयातीतच डच आरमार गोव्याच्या मुखाशी नाकेबंदी करून बसले.

१६१८ मध्ये धर्मवाद आणि राजकारण यांच्या कचाट्यात त्याला अटक झाली. खास नेमलेल्या न्यायालयाला आपला न्याय करण्याचा अधिकारच नाही, हा त्याचा आक्षेप फेटाळला गेला. जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली. गैरहजर मालकाविरुद्धच्या निकालाचे मंडन करणारा हा वकील आता स्वतः जप्तीचा धनी झाला होता. १६२१ मध्ये पत्नी मारियाने त्याला पुस्तकांच्या पेटीत दडवून लोव्हेस्टाइनच्या किल्ल्याबाहेर काढले.

पॅरिसच्या वनवासात १६२५ मध्ये युद्ध आणि शांतता यांच्या कायद्यावरील त्याचा महाग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात जहाजमालकांविषयी एक छोटा, पण मोलाचा भाग आहे. तांडेलाने केलेल्या व्यवहाराबद्दल मालकाला संपूर्ण जबाबदार धरणारा रोमन नियम त्याला अन्यायाचा वाटला. दूर समुद्रावरील माणसाच्या करणीने घरदार बुडणार असेल, तर कोणी जहाज पाठवणारच नाही. हॉलंडमध्ये ही जबाबदारी जहाज आणि त्यातील माल यांच्या किमतीपुरतीच असते, हे त्याने नोंदवले. जहाजमालकाच्या मर्यादित दायित्वाचे हे तत्त्व आजही नाविक न्यायालयांत वादाचे आहे. बुडालेल्या मालाचा धनी त्याकडे निराळ्या नजरेने पाहतो.

पुढे तो स्वीडनचा राजदूत झाला. १६४५ च्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोमहून परतताना त्याचे जहाज वादळात सापडून पोमेरेनियाच्या किनाऱ्यावर फुटले. तो कसाबसा किनाऱ्याला लागला आणि उघड्या गाडीतून पावसात रोस्टॉकपर्यंत पोहोचला. तेथेच २८ ऑगस्टला त्याने देह ठेवला. ज्या देशाने त्याला तुरुंगात टाकले होते, त्याच देशात, डेल्फ्टच्या चर्चमध्ये, त्याचे दफन झाले.