ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम (१८२९ – ३१ जुलै १९१२) हे ब्रिटिश भारतातील सनदी अधिकारी, पक्षितज्ज्ञ आणि भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक होते. भारतीय उपखंडातील बदकांच्या अभ्यासात त्यांचे लेखन महत्त्वाचे मानले जाते.

प्रशासकीय कारकीर्द

ब्रिटिश संसदेचे सदस्य जोसेफ ह्यूम यांचे ते पुत्र होत. १८४९ मध्ये ते भारतात आले. १८५७ च्या उठावाच्या वेळी ते इटावा येथे जिल्हाधिकारी होते; त्या धामधुमीत त्यांचा पक्ष्यांचा पहिला संग्रह नष्ट झाला. १८७१ मध्ये ते महसूल, शेती व व्यापार खात्याचे सचिव झाले. वरिष्ठांशी झालेल्या मतभेदांमुळे १८७९ मध्ये त्यांना या पदावरून दूर करण्यात आले. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले.

पक्षिशास्त्रीय कार्य

ह्यूम यांनी सिमल्यातील आपल्या निवासस्थानी नवा संग्रह उभा केला आणि १८७२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक सुरू केले. सी. एच. टी. मार्शल यांच्यासह त्यांनी ‘द गेम बर्ड्‌स ऑफ इंडिया, बर्मा अँड सिलोन’ हा त्रिखंडी ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात प्रसिद्ध केला. त्याच्या तिसऱ्या खंडात बदकांचे वर्णन आहे. गूसँडर आणि स्म्यू या मासे पकडणाऱ्या बदकांचा त्यात समावेश आहे. ही बदके पाण्यात बुडी मारून भक्ष्य पकडतात; चोचीच्या करवतीसारख्या कडांमुळे निसरडा मासा सुटत नाही. गूसँडर हिवाळ्यात हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांवर आढळतो. लालसरीच्या जवळचे मानले जाणारे गुलाबी डोक्याचे बदकही याच खंडात सचित्र वर्णिले आहे. १९३५ नंतर त्याची वन्य अवस्थेतील निर्विवाद नोंद नसल्याने या वर्णनाचे मोल वाढले आहे.

हस्तलिखितांचा नाश

भारतीय पक्ष्यांवरील बृहद्ग्रंथासाठी ह्यूम यांनी अनेक वर्षे टिपणे जमवली होती. ते सिमल्याबाहेर असताना एका नोकराने ती रद्दी म्हणून बाजारात विकली. या आघातानंतर त्यांनी पक्षिशास्त्र जवळजवळ सोडले आणि १८८५ मध्ये सुमारे ८२,००० नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. आधीच छापून झाल्यामुळे बदकांवरील खंड मात्र वाचला.

उत्तरायुष्य

१८८५ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाच्या आयोजनात ह्यूम यांचा पुढाकार होता. १८९४ मध्ये ते इंग्लंडला परतले व वनस्पतिशास्त्राकडे वळले. १९१० मध्ये त्यांनी साउथ लंडन बोटॅनिकल इन्स्टिट्यूटची स्थापना केली. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांचे निधन झाले.