विश्लेषण : कोट त्यांचा, बंधन तिचे... बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी पेहरावावरून कोणता प्रश्न विचारला?

एकत्र घेतलेला कपड्यांचा सेट एकत्रच घालायचा, असा नियम आता कोणी पाळत नाही. को-ऑर्ड सेटमधला कुर्ता जीन्सवर जातो, त्यातली पँट साध्या पांढऱ्या शर्टाखाली चालते आणि नऊवारीवर डेनिमचे जॅकेटही दिसते. पण ‘यातले हे आणि त्यातले ते’ निवडण्याची मुभा १४० वर्षांपूर्वी कोणाला होती? पुरुषांना होती आणि स्त्रियांना नव्हती. ही तफावत ज्यांनी उघडपणे मांडली, त्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या होत्या.

ताराबाई शिंदे कोण होत्या?

सिंदखेड राजा, शेगाव आणि लोणार यांमुळे बुलढाणा जिल्हा सर्वांना ठाऊक आहे. ताराबाईंचे नाव मात्र अनेकांना ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकापुरतेच माहीत असते. त्यांचा काळ सर्वसाधारणपणे १८५० ते १९१० असा दिला जातो. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. ते जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचे होते. मुलींना शाळेत घालणे हीच मोठी गोष्ट मानली जाई, त्या काळात त्यांनी ताराबाईंना मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले.

ताराबाईंचे लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयातच झाले. फरक एवढाच, की त्या सासरी गेल्या नाहीत. बापूजींनी घरजावई केला आणि ताराबाई माहेरीच राहिल्या. त्यांना मूलबाळ झाले नाही. मराठा समाजातील प्रतिष्ठित घराण्यांत स्त्रियांवर पडद्याची आणि कुळाचाराची बंधने कडक असत. माहेरी राहिल्यामुळे ताराबाईंना पुस्तके, वर्तमानपत्रे आणि थोडी मोकळीक मिळाली. कचेरीत जाणाऱ्या शिकलेल्या पुरुषांचे जगही त्यांना जवळून पाहता आले.

तेव्हाचे बुलढाणा कसे होते?

निजामाकडचे वऱ्हाड १८५३ च्या कराराने इंग्रजांच्या कारभाराखाली आले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. जिल्ह्यातले खामगाव कापसाची मोठी बाजारपेठ बनले. जलंब ते खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा रेल्वे फाटा १८७० मध्ये सुरू झाला, तोही मुख्यतः कापसासाठीच.

वऱ्हाडातला कापूस गाठी बांधून मुंबईमार्गे विलायतेला जाई आणि गिरणीचे कापड होऊन परत येई. त्या कापडासोबत कोट, पाटलोण, शर्ट, मोजे आणि बूट असा नवा पेहरावही आला. कचेऱ्या, कोर्ट आणि शाळा जिथे उघडल्या, तिथे तो आधी दिसू लागला. जिल्ह्याचे ठाणे असलेल्या बुलढाण्यात हे सगळे होते.

पुरुषांनी पेहरावाची सरमिसळ कशी केली?

जुन्या पद्धतीत पुरुषाचा पेहराव जवळपास ठरलेला असे. खाली धोतर, अंगात बाराबंदी किंवा अंगरखा, खांद्यावर उपरणे, डोक्यावर पगडी किंवा पागोटे आणि पायांत वहाणा किंवा देशी जोडा. पागोट्याच्या बांधणीवरून माणसाची जात आणि मुलूख ओळखता येई. इंग्रजांचा पेहराव याहून अगदी वेगळा होता.

शिकलेल्या, नोकरदार पुरुषाने यातला कुठलाही पेहराव पूर्णपणे सोडला नाही किंवा पूर्णपणे स्वीकारलाही नाही. त्याने दोन्हींतून हवे ते घेतले. धोतर तसेच ठेवून वर लांब कोट चढवला. डोक्यावर पगडी ठेवली आणि पायांत बूट-मोजे घातले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वकील, मास्तर आणि कारकून यांच्या छायाचित्रांत हा मिलाफ सर्रास दिसतो.

यामागे केवळ हौस नव्हती, व्यवहारही होता. देशी जोडा घालणाऱ्याला साहेबासमोर तो दाराबाहेर काढून जावे लागे. युरोपीय पद्धतीचे बूट-मोजे घालणाऱ्याला मात्र ते घालून आत जाण्याची मुभा १८६० आणि १८७० च्या दशकांतील सरकारी ठरावांनी दिली. म्हणजे पेहरावातली एकच वस्तू बदलली, तरी कचेरीतला मान बदलत होता. पगडी ठेवल्याने बिरादरीत नाव राहत होते आणि बुटांमुळे साहेबापुढे ताठ उभे राहता येत होते. पुरुषाला दोन्हीकडचा फायदा मिळत होता.

आणि स्त्रियांचे काय?

स्त्रीच्या पेहरावातला प्रत्येक घटक तिच्या नवऱ्याशी बांधलेला होता. नऊवारी लुगडे, खणाची चोळी, कुंकू, मंगळसूत्र, हातभर बांगड्या आणि जोडवी मिळून ‘सवाशीण’ होई. यातले एकही स्वतःच्या मर्जीने कमी करता येत नसे. कोणी पायांत बूट घातले किंवा हातात छत्री धरली, तर ती मड्डम झाली म्हणून हेटाळणी होई.

नवरा वारला, की हा सगळा पेहराव एकेक करून उतरवला जाई. कुंकू पुसले जाई, बांगड्या फोडल्या जात. ब्राह्मण घरांत केशवपन होई, चोळी जाई आणि अंगावर फक्त तांबडे आलवण राही. मराठा घराण्यांत केशवपनाची सक्ती नसली, तरी वरच्या समजल्या जाणाऱ्या कुळांत विधवेने दुसरे लग्न करणे निषिद्धच होते. बायको वारलेल्या पुरुषाच्या पेहरावात मात्र काहीही बदल होत नसे. तो थोड्याच दिवसांत पुन्हा बाशिंग बांधून बोहल्यावर उभा राही.

ताराबाईंनी हीच विसंगती पकडली.

‘स्त्री-पुरुष तुलना’ कशामुळे लिहिले गेले?

निमित्त सुरतेतील एका खटल्याचे होते. विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला दिवस गेले आणि लोकलज्जेच्या भीतीने तिने जन्मलेल्या अर्भकाचा जीव घेतला. १८८१ मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात फाशी रद्द होऊन शिक्षा सौम्य करण्यात आली. पण दरम्यान वर्तमानपत्रांतून विधवांच्या आणि एकूणच स्त्रियांच्या चारित्र्यावर यथेच्छ टीका झाली. शिकलेल्या, मोकळ्या वागणाऱ्या नव्या स्त्रियांना दूषणे देण्यात पुण्याचे एक पत्र आघाडीवर होते. त्या विधवेला या अवस्थेत लोटणाऱ्या पुरुषाविषयी कोणी चकार शब्द काढत नव्हते.

ताराबाईंनी उत्तरादाखल पुस्तकच लिहिले. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापले गेले. प्रती ५०० होत्या आणि किंमत नऊ आणे. भाषा ग्रांथिक नव्हती. ती घरातली, चुलीपुढची आणि वेळ पडली तर सरळ फटकारणारी होती.

पेहरावाचा मुद्दा त्यांनी कसा मांडला?

ताराबाईंचा युक्तिवाद साधा आहे. धर्म बुडाल्याची ओरड पुरुष करतात. पण पूर्वजांचा पेहराव, खाणेपिणे आणि राहणी आधी सोडली कोणी? इंग्रजी कपडे अंगावर चढवताना, परदेशी चालीरीती उचलताना पुरुषांना शास्त्र आठवले नाही. स्त्रीने मात्र जुन्या रीतीतली काडीही हलवायची नाही. रूढी इतकी पवित्र असेल, तर ती दोघांनी पाळावी. काळाप्रमाणे बदलायची असेल, तर दोघांना बदलू द्यावी. स्वतःपुरती सोय पाहणे आणि धर्माचे ओझे बायकांच्या डोक्यावर देणे, हा न्याय नव्हे.

वैधव्याबाबतही त्यांनी हेच तत्त्व लावले. नवरा मेल्यावर बायकोने सगळे सोडायचे असेल, तर बायको मेल्यावर पुरुषाने दाढी-मिशा भादरून रानात का जाऊ नये, असा त्यांचा प्रश्न होता. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली. बायकोसाठी यमाच्या दारी गेलेला पुरुष कुठल्या पोथीत आहे, हेही त्यांनी विचारले. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्यांत स्त्रिया कशा रंगवल्या जातात, याचाही त्यांनी खरपूस समाचार घेतला.

त्यांनी पुरुषांच्या कोटाला विरोध केला, असा याचा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. एकाच घरातील एका माणसाला निवडीची मुभा आणि दुसऱ्याला निवडीची शिक्षा, या दुटप्पीपणावर त्यांचा रोख होता.

त्या काळी दुसऱ्या कोणी असे प्रयोग केले का?

केले. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. तिथल्या थंडीत आणि तिथल्या समाजात ते अडचणीचे ठरणार होते. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायचे ठरवले. साडी सोडायची नाही, पण नेसण बदलायची, असा हा मधला मार्ग होता. तरीही नवरा गोपाळराव यांच्या पत्रांतून पेहरावावरून टोचणी लागतच होती.

जोतीराव फुले यांनी पेहरावाचा वापर वेगळ्या कारणासाठी केला. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ झाला. उंची कपड्यांत आलेल्या पाहुण्यांमध्ये फुले गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खरा हिंदुस्थान खेड्यांत आहे, हे त्यांनी पाहुण्यांना सांगितले. विधवांच्या केशवपनाविरोधातही कृती झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी १८९० मध्ये विधवांचे मुंडन करणार नाही, अशी भूमिका घेतली.

पुस्तकाचे आणि ताराबाईंचे पुढे काय झाले?

पुस्तकावर टीका झाली, टवाळीही झाली. सत्यशोधक वर्तुळातही सर्वांनाच ते रुचले नाही. फुले मात्र ठामपणे पाठीशी उभे राहिले. १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली आणि टीका करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना सुनावले. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही.

जवळपास ९० वर्षे हे पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. १९९४ मध्ये रोझलिंड ओहॅनलन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला आणि बुलढाण्याच्या या लेखिकेचे नाव जगभरच्या विद्यापीठांत पोहोचले. भारतातील स्त्रीवादी लेखनाच्या आरंभीच्या ग्रंथांत आज त्याची गणना होते.

आजच्या कपाटाशी याचा संबंध काय?

आज खामगाव, चिखली, मलकापूर किंवा बुलढाण्याच्या बाजारात कुर्ता, पॅन्ट आणि ओढणीचा सेट सहज मिळतो. तो सुटा करून वापरणे खिशालाही परवडते. तीन कपड्यांच्या एका सेटला दोन साधे कपडे जोडले, तर निरनिराळ्या दिवसांसाठी चार-पाच जोड्या तयार होतात. नक्षीदार कुर्त्याखाली एकरंगी पॅन्ट घ्यावी आणि नक्षीतलाच एखादा रंग ओढणीसाठी निवडावा, म्हणजे जोडी विसंगत वाटत नाही. सेटचे कपडे वेगवेगळे वापरले, तरी शक्यतो एकत्र धुवावेत. नाहीतर एक विटतो, दुसरा नवा राहतो आणि पुन्हा सेट म्हणून घालता येत नाही.

ही झाली सोय. पण ‘वरचे हे, खालचे ते’ असे आरशासमोर उभे राहून ठरवता येणे, हा हक्क स्त्रियांना आपोआप मिळालेला नाही. आजही नवरा गेल्यावर कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा अनेक घरांत पाळली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापले गेले त्याला तेव्हा १४० वर्षे झाली होती.

ताराबाईंचा प्रश्न म्हणूनच जुना झालेला नाही. घरातल्या पुरुषाच्या कपड्यांविषयी कोणी विचारत नाही आणि मुलीच्या, सुनेच्या किंवा विधवा आईच्या कपड्यांविषयी मात्र सगळे विचारतात, असे जिथे जिथे घडते, तिथे तो आजही लागू पडतो.