पॉल एर्लिश : औषध विरघळलंच नाही तर?



विद्राव्यता शिकवताना आपण पेल्यात मीठ-साखर ढवळतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पुढच्या वेळी तिथे थोडं थांबा आणि मुलांना पॉल एर्लिश यांची गोष्ट सांगा.

14 मार्च 1854 रोजी तेव्हाच्या प्रशियातल्या श्ट्रेलेन गावी त्यांचा जन्म झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. डॉक्टरकी शिकताना त्यांना वेड लागलं ते रंगांचं. कुठला रंग शरीराच्या कुठल्या पेशीला धरतो, हेच ते तासन् तास बघत बसत. 1885 च्या सुमारास त्यांनी प्राण्यांच्या शरीरात काही रंग टोचले. जवळजवळ सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला! म्हणजे शरीरात सोडलेला पदार्थ सगळीकडे पोहोचतोच असं नाही.

1908 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. पण आपली खरी गोष्ट पुढची आहे. त्या काळी उपदंश, म्हणजे सिफिलिस, हा रोग माणसाला वेड लावून मारायचा आणि उपचार म्हणून पारा दिला जायचा. एर्लिश यांनी अर्सेनिक, आपला सोमल हो, घेऊन शेकडो संयुगं तयार करवून घेतली. 606 क्रमांकाचं संयुग आधीच्या तपासणीत बाजूला पडलं होतं. 1909 मध्ये जपानहून आलेल्या साहाचिरो हाता यांनी ते सशांवर पुन्हा तपासलं आणि ते गुणकारी ठरलं. 1910 मध्ये ते ‘साल्व्हरसान’ नावाने बाजारात आलं.

इथेच पुस्तकं सहसा थांबतात. डॉक्टरांची डोकेदुखी मात्र इथून सुरू झाली. ही पिवळी पूड हवेत खराब होई, म्हणून बंद काचनळीत यायची. पाण्यात विरघळवली की द्रावण फार आम्लधर्मी. त्यात कॉस्टिक सोडा घातला की साका बसायचा, आणखी घातला की तो पुन्हा विरघळायचा. हे सगळं रुग्णाच्या उशाशी! स्नायूत टोचलं तर भयंकर वेदना, कधी तिथलं मांसही सडायचं. काही रुग्ण दगावले आणि एर्लिश यांच्यावर वर्तमानपत्रांतून आरोप झाले.

त्यांनी उपाय शोधला तो रेणूतच. गाभा तोच ठेवून पाण्याची ओढ असलेला एक गट जोडला. 1912 मध्ये आलेलं हे ‘निओसाल्व्हरसान’ पाण्यात सहज विरघळे. गुण मात्र थोडा कमी. एक मिळवायचं तर दुसरं सोडावं लागतं, बरं का!

आज संशोधक रेणू किती वाकतो हेही बघतात. चपटे, ताठ रेणू विटांसारखे घट्ट रचले जातात, त्यांना सुटं करणं पाण्याला जड जातं. मग लवचिक रेणू बरा? तसंही नाही. फिरू शकणारे बंध फार झाले की तो आतड्यातून रक्तात जाताना अडतो. 2002 मधल्या उंदरांवरच्या एका अभ्यासात ही मर्यादा दहाच्या आसपास निघाली.

एर्लिश यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. 20 ऑगस्ट 1915 रोजी, महायुद्ध सुरू असताना, ते वारले. त्यांनी साल्व्हरसानच्या रेणूत अर्सेनिकचे दोन अणू जोडीने काढले होते. 2005 मध्ये न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासलं, तेव्हा तिथे तीन आणि पाच अणूंची कडी सापडली.